उतरवायची राहिलेली दोरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ‘छंद’ ह्या विषयावर जी व्याख्याने झाली, त्यांपैकी रांची येथे मकरसंक्रांतीच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



ह्या व्याख्यानमालेत आतापर्यंत आपण जी भाषणे ऐकली, ती सारी जोपासलेल्या छंदांची होती. कोणी तीस वर्षे टपालतिकिटे जमविली, कोणी कोळशाच्या धुळीतही गच्चीवर गुलाब फुलविले, कोणी निवृत्तीनंतर सतार हाती घेतली आणि आज ती चार लोकांसमोर वाजविण्याइतपत साध्य केली. चिटणीसांनी आम्हांकडे भाषण मागितले तेव्हा आम्ही खरे तेच सांगितले : आमच्याजवळ जोपासलेला छंद नाही, सुटलेला एक आहे. ते हसून म्हणाले, “मग तोच सांगा. सभेतल्या अर्ध्याअधिक मंडळींना तो आपलाच वाटेल.” त्यांच्या ह्या आश्वासनाच्या बळावर आज उभे राहण्याचे धाडस केले आहे.

आरंभीच एक खुलासा करावयास हवा. आज येथे ‘आम्ही’ हा शब्द वारंवार येईल, तो मोठेपणासाठी नव्हे. आम्ही म्हणजे ह्या मंडळातील चार बिऱ्हाडे. जे केले ते चौघांनी मिळून केले, आणि जे केले नाही तेही चौघांनी मिळूनच. तेव्हा बोलणारा तोंड एक असले तरी कबुली चौघांची आहे.

छंद होता धनुर्विद्येचा.

हे ऐकून काही चेहऱ्यांवर हसू उमटलेले दिसते आहे. ते साहजिक आहे. वरणभात खाऊन ड्रॉइंग बोर्डावर वाकलेल्या माणसांनी धनुष्य उचलावे, ही कल्पना आम्हांलाही प्रथम विनोदीच वाटली होती. पण तिच्यामागे एक प्रसंग होता. २०१० सालच्या ऑक्टोबरात दिल्लीला राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या. धनुर्विद्येचा समावेश ह्या स्पर्धांत त्यापूर्वी एकदाच, १९८२ साली ब्रिस्बेन येथे झाला होता. दिल्लीत दीपिका कुमारी नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले, आणि सांघिक सुवर्णातही तिचा वाटा होता. ती मुलगी रातू चट्टीची. म्हणजे आपल्या ह्या गावाच्या पश्चिमेला, आपण ज्या रस्त्याने कधी तरी सहलीला जातो त्या रस्त्यावरची. वडील ऑटोरिक्षा चालवीत, आई परिचारिका. लहानपणी दगडांनी आंबे पाडता पाडता तिचा नेम बसला, असे वर्तमानपत्रांनी छापले.

त्या वर्षी दिवाळीच्या फराळाला आम्ही चार बिऱ्हाडे एकत्र जमलो असता तिचा विषय निघाला. सर्वांनी भरभरून कौतुक केले. तेव्हा आमच्यातल्या एका वहिनी चकली मोडता मोडता सहज म्हणाल्या, “कौतुक खरं, पण आपल्यापैकी कोणी तिरकमठ्याचं मैदान कधी पाहिलंय का? इतकी वर्षं काढली इथे.”

कोणीच पाहिले नव्हते. कोणी धुर्व्याला हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनमध्ये, कोणी डोरंड्याला मेकॉनमध्ये, अशी आमची आयुष्ये ह्या भूमीवर गेली. येथील मीठ खाल्ले, येथील पाणी प्यालो. चौकातील बिरसा मुंडांच्या पुतळ्यावरून रोज गेलो. पण त्या पुतळ्याच्या हातातील वस्तू ह्या प्रदेशात अजून जिवंत आहे, मुले ती पहाटे उठून वापरतात, हे आम्हांला दिल्लीहून आलेल्या बातमीने कळावे, ह्याची त्या दिवशी थोडी लाज वाटली. त्या लाजेतून आमचा छंद जन्मला.

५ डिसेंबर २०१०, रविवार. ही तारीख आम्हां चौघांच्याही घरी पक्की ठाऊक आहे. चार घरांतून अकरा जण निघाले : सर्वांत लहान नऊ वर्षांची, सर्वांत थोरले एकसष्ट वर्षांचे. गावाच्या कडेला एका मैदानावर एक मुंडा गृहस्थ सकाळी मुलांना शिकवीत. वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगात जुना स्वेटर, पायांत रबरी चपला. त्यांचे नाव आम्ही येथे घेत नाही. ते त्यांना आवडणार नाही. सारी मुले त्यांना ‘सर’ म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. ते आम्हां पुरुषांना दादा आणि बायकांना दीदी म्हणत. भेटताच हात जोडून ‘जोहार’ करावयाचा, हे पहिल्याच दिवशी शिकलो.

फी विचारली तर ते संकोचले. म्हणाले, “फीस रहने दीजिए. बस इतवार को छह बजे आ जाइए. आना हो तो आइए, न आना हो तो बोल दीजिए.” आम्ही तोंडभर होकार दिला. ह्या वाक्याचा उत्तरार्ध त्या वेळी आमच्या कानांवरून गेला, मनात शिरला नाही.

रांचीची डिसेंबरची सकाळ आपणांस ठाऊक आहे. गवतावर दहिवर, तोंडातून वाफ, पलीकडचे झाड दिसत नाही असे धुके. त्या धुक्यात दूरवर भाताच्या पेंढ्यांचे चौकोनी जाड ठोकळे उभे असत. येथे त्या पेंढ्याला ‘पुआल’ म्हणतात आणि त्या ठोकळ्यांना सारी मुले ‘बट्रेस’ म्हणत. त्यांवर रंगीत कागद लावलेला : बाहेरून आत पांढरे, काळे, निळे, तांबडे आणि मध्यभागी पिवळे वर्तुळ. ऑलिंपिकमध्ये हा कागद १२२ सेंटिमीटर व्यासाचा असतो आणि तो ७० मीटरांवर ठेवतात. दहा गुणांचे पिवळे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटरांचे, म्हणजे आपल्या जेवणातील वाटीच्या तोंडापेक्षा थोडेसेच मोठे. सत्तर मीटरांवरून वाटीत बाण टाकावयाचा, असे मनाशी म्हणून पाहावे म्हणजे त्या मुलीने दिल्लीत काय केले त्याचा अंदाज येतो.

आमच्या वाट्याला अर्थात ते धनुष्य नव्हते. परदेशी बनावटीच्या सरंजामाची किंमत लाखाच्या घरात आणि त्याहीवर जाते. आपल्या देशात ‘इंडियन राउंड’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात बांबूचे साधे धनुष्य, नेम धरण्याचे कोणतेही यंत्र नाही, आणि अंतरे ३० व ५० मीटरांची. खेड्यांतील बहुतेक मुले येथूनच आरंभ करतात. आम्हीही तेथूनच केला.

आता आपण सर्वजण कीर्तन-प्रवचने ऐकत वाढलेली माणसे. धनुर्विद्या म्हटले की आपल्याला पोपटाचा डोळा आणि अर्जुन आठवतो. म्हणून आमची समजूत अशी की, ही विद्या डोळ्याची. सरांनी पहिले तीन रविवार धनुष्य हाती दिलेच नाही. सायकलच्या ट्यूबची एक लांब पट्टी प्रत्येकाला दिली आणि ती ओढून हनुवटीखाली हात टेकावयास सांगितले. सोडावयाची नाही, ओढावयाची, थांबावयाचे, पुन्हा सैल करावयाची. तिसऱ्या रविवारी रात्री पाठीत जेथे दुखू लागले, तेथे स्नायू असतो हेही आम्हांस ठाऊक नव्हते. दोरी दंडाच्या जोराने ओढणारा दहा बाणांत थकतो. ती दोन्ही खवाटे मागे एकमेकांजवळ आणून पाठीने ओढावयाची असते. डोळ्याचे काम त्यानंतरचे. पाय खांद्याइतके फाकलेले, कंबर स्थिर, डावा खांदा खाली दाबलेला, श्वास अर्धा सोडलेला, इतके सारे जुळले तर डोळ्याला काही अर्थ आहे.

दुसरा धक्का अंगठ्याचा. एकलव्याची कथा आपणांस पाठ आहे. पण आजच्या पद्धतीत दोरी तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ह्या तीन बोटांनी ओढतात. अंगठा तळहाताशी दुमडून ठेवावयाचा, त्याने दोरीला शिवावयाचेही नाही. अंगठ्याने दोरी ओढण्याची रीत मध्य आशियातील घोडेस्वारांची. मोगल अमीरांच्या अंगठ्यात घालावयाची दगडी कडी आजही वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतात, ती ह्याच कामासाठी. आमच्यातील नऊ वर्षांच्या मुलीने हे ऐकताच विचारले, “मग एकलव्य नंतरही बाण मारू शकला असता ना?” सर नुसते हसले. शेजारच्या मुंडा मुलाने मात्र फार गंभीरपणे “हाँ” म्हटले.

तिसरी गोष्ट बाणाची. सुटलेला बाण सरळ जातो, असे आपण म्हणतो. वास्तविक सुटताना तो माशासारखा वळवळतो. बोटांवरून दोरी निसटताना त्याला किंचित बाक येतो, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून तो पुढे जातो आणि मग हळूहळू सरळ होतो. त्यामुळे काडी फार ताठ असेल तरी नेम चुकतो आणि फार लवचीक असेल तरी चुकतो. धनुष्याच्या ताणाला साजेल अशीच काडी निवडावी लागते. ह्या ज्ञानाने आमच्यातील अभियंते फार सुखावले आणि पुढचे दोन रविवार बाण मारण्यापेक्षा चर्चाच अधिक झाली.

आणि शिस्त! स्पर्धेत शिटीच्या दोन हाका झाल्या की रेषेवर यावयाचे, एक हाक झाली की बाण सोडावयाचे, तीन झाल्या की पुढे जाऊन बाण काढावयाचे. रेषेच्या पुढे एकही माणूस असेल तर धनुष्य उचलावयाचे नाही. सर्वांचे बाण संपेपर्यंत थांबावयाचे, मग सर्वांनी मिळून चालत जावयाचे. ज्याचा बाण गवतात हरवला त्याचा बाण सर्वांनी शोधावयाचा. ते पन्नास पावले जाणे आणि येणे हाच खरा त्या सकाळचा गाभा होता, असे आज वाटते. त्या चालण्यात आमची मुंडा आणि उराँव मुलांशी ओळख झाली. त्यांच्यातील एकाने आम्हांस सिदो-कान्हूंच्या १८५५ च्या हूलाविषयी सांगितले, दुसऱ्याने डोंबारी टेकडीविषयी, जेथे ९ जानेवारी १९०० रोजी बिरसांच्या अनुयायांवर गोळ्या झाडल्या गेल्या. बंदुकांपुढे धनुष्ये, असा तो सामना होता. त्याच वर्षी ९ जूनला बिरसा आपल्या ह्याच रांचीच्या तुरुंगात निवर्तले. हे सारे पुस्तकांत होतेच. पण ज्याच्या हातात धनुष्य आहे त्या बारा वर्षांच्या मुलाकडून ऐकताना ते निराळे ऐकू आले.

संक्रांतीला आम्ही तिळगूळ घेऊन गेलो. त्यांनी टुसूच्या परबाचा गूळपिठा दिला. सरांनी आमच्या प्रत्येकाच्या हाताच्या मापाने बांबू निवडून सहा धनुष्ये करविली. पैसे आम्ही दिले, पण बांबू शोधण्याचे श्रम त्यांचे. धनुष्य हाती देताना त्यांनी एकच नियम सांगितला : काम झाले की दोरी उतरवावयाची. धनुष्य ताणलेले ठेवले तर बांबू तो बाकच आपला स्वभाव म्हणून धरतो आणि त्याची ताकद जाते. दोरी उतरवून ठेवलेले धनुष्य वर्षानुवर्षे टिकते.

असे एक वर्ष गेले, दीड वर्ष गेले. तीस मीटरांवर आमच्यातील तिघांचे बाण बहुधा कागदावर आणि कधी कधी पिवळ्यातही जाऊ लागले. त्या पिवळ्यात बाण रुतण्याचा ‘थप्’ असा जो आवाज होतो, तो ऐकला की आठवडाभर कचेरीतील कोणत्याही साहेबाचा राग येत नसे.

आता छंद सुटला कसा, हे सांगावयाचे. येथे आमची अडचण अशी की, आरंभाची तारीख आम्हांला पाठ आहे आणि शेवटाची चौघांपैकी एकालाही सांगता येत नाही.

कारणे पुष्कळ आहेत. एका घरातील मुलगा दहावीला गेला. एका घराची बदली होण्याची बोलणी सुरू झाली. एकसष्ट वर्षांच्या आमच्या थोरल्यांचा खांदा दुखू लागला आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. बाकीच्यांची प्रगती एका जागी येऊन थांबली. पहिल्या सहा महिन्यांत जेवढे शिकलो तेवढे पुढच्या वर्षात शिकता येईना. ही सारी कारणे खरी आहेत. पण एक कारण आम्ही बरीच वर्षे एकमेकांजवळही बोललो नाही, ते आज बोलतो.

२०१२ साली लंडन ऑलिंपिकला दीपिका कुमारी जगातील पहिल्या क्रमांकाची तिरंदाज म्हणून गेली. लॉर्ड्सच्या क्रिकेट मैदानावर सामने होते. आम्ही चारही बिऱ्हाडे एका घरी जमलो, पोहे झाले, दूरचित्रवाणीसमोर बसलो. ती वैयक्तिक सामन्यात पहिल्याच फेरीत हरली. कोणी काही बोलले नाही. ५ ऑगस्टच्या रविवारी मैदानावर आमच्यापैकी तीनच जण गेले. पाऊस होता, हे खरे. पण मैदानावरची मुले मात्र नेहमीइतकीच आली होती. सरांनी हरण्याविषयी एवढेच म्हटले की, तेथे वारा होता, आणि वाऱ्यात मारावयास आणखी शिकावे लागेल. मुलांनी मान डोलावली आणि पट्ट्या ओढावयास सुरुवात केली.

एका पदकाबरोबर आलेला आमचा उत्साह एका पराभवाबरोबर ओसरू लागला, हे सत्य आहे. त्या मुलीने धनुष्य खाली ठेवले नाही. २७ जून २०२१ रोजी पॅरिसच्या विश्वचषक स्पर्धेत तिने एकाच दिवशी तीन सुवर्णपदके मिळविली आणि पुन्हा पहिले स्थान घेतले. आम्ही तोपर्यंत कधीच घरी परतलो होतो.

मग गणपती आले, मग दुर्गापूजा, मग दिवाळी. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटे की, आपण गेलो नाही तरी बाकीचे तिघे जात असतीलच. रविवारी सकाळी जाग येई, मन थोडे खाई, आणि ‘पुढच्या रविवारी नक्की’ असे म्हणून आम्ही कूस बदलीत असू. कोणी छंद सोडला नाही. तो सोडल्याचे कोणी ठरविलेही नाही. २०१३ च्या होळीपर्यंत मैदानावर आमच्यापैकी कोणीही जात नव्हते, आणि हे आम्हां चौघांना एकमेकांकडून कळावयास आणखी सहा महिने लागले. त्या वेळी आम्ही हसलो. सरांना कळवावे असे मात्र कोणाच्या मनात आले नाही. किंबहुना आले असावे, पण इतक्या दिवसांनी कोणत्या तोंडाने जावे, ह्या संकोचाने ते मागे पडले असावे. आज कळवावयाचे राहिले की उद्या कळविणे अधिक अवघड होते, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल.

पुढे २०१९ च्या हिवाळ्यात आमच्यातील एक जण बँकेत गेले असता खिडकीपलीकडील तरुणाने हात जोडून ‘जोहार’ केला. मैदानावरील मुलांपैकीच तो एक. फार आपुलकीने चौकशी केली आणि बोलता बोलता म्हणाला, “सर ने आप लोगों के दो बट्रेस बहुत दिन तक लगवाए.”

अर्थ असा की, आमच्यासाठी तीस मीटरांवर जे दोन बट्रेस वेगळे राखून ठेवलेले असत, ते आम्ही येणे बंद केल्यावरही सर दर रविवारी मांडवीत असत. मुलांना सांगत, ते दोन सोडा, महाराष्ट्रवाले पूजेनंतर येतील. पूजा गेली, मग म्हणत, थंडी संपल्यावर येतील. मैदानावर एकंदर बट्रेस सहा, आणि मुले पंचवीस-तीस. चार बट्रेसांपुढे मुलांच्या रांगा लागत, आणि दोन रिकामे उभे असत. तरुणाने हे तक्रार म्हणून सांगितले नाही, आठवण म्हणून सांगितले. त्यामुळे ते अधिकच लागले.

आपण एखादी गोष्ट सोडतो तेव्हा ती आपल्यापुरतीच सोडतो, असा आमचा समज होता. आमच्या आळसाने आमचे नुकसान झाले असते तर तो आमचा प्रश्न. पण आमचा शब्द अजून उभा आहे असे समजून कोणी तरी आमची जागा राखीत होते, आणि त्या राखलेल्या जागेची किंमत रांगेतील मुले देत होती.

त्या रात्री आम्ही चारही घरांतील माळे शोधले. सहा धनुष्यांपैकी तीन सापडली. एक मोडलेले, एक दोरी उतरवून जुन्या चादरीत नीट गुंडाळलेले. ते त्याच वहिनींचे, ज्यांनी फराळाच्या वेळी प्रश्न विचारला होता. आणि तिसरे कपाटावर, ताणलेल्या दोरीसकट. सात वर्षे ते तसेच होते. पुढच्या रविवारी येईलच म्हणून कोणी तरी ते तसेच टेकवून ठेवले होते.

२०२० च्या जानेवारीत आम्ही चौघे खुंटीच्या बाजूला सरांच्या गावी गेलो. प्रकृतीमुळे त्यांनी मैदानावर येणे चार वर्षांपूर्वीच थांबविले होते. थांबण्यापूर्वी त्यांनी आपल्या एका विद्यार्थ्याला मैदान सोपवून दिले होते, बट्रेसांची मोजदाद करून. आम्ही काय बोलावयाचे ते वाटेत ठरविले होते. अंगणात गेल्यावर त्यातले काही बोलता आले नाही. त्यांनी खाट टाकली, चहा आला. ते ताणलेले धनुष्य त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते पायाशी दाबून दोरी उतरविली. बांबू तसाच वाकलेला राहिला. त्यावरून हात फिरवून ते म्हणाले, “अब इसमें जान नहीं है.” आम्ही माना खाली घातल्या. थोड्या वेळाने त्यांनीच पुढे म्हटले, “छोटे बच्चे के काम आ जाएगा. नया बच्चा कड़ा धनुष नहीं खींच पाता.” आणि ते आत नेऊन ठेवले.

रागावले नाहीत. निघताना एवढेच म्हणाले की, बोलला असता तर ते दोन बट्रेस मुलांना दिले असते.

बंधुभगिनींनो, छंद सुटणे हा अपराध आहे असे आम्हांस वाटत नाही. मनुष्य काही सर्वच छंद जन्मभर वाहू शकत नाही. बदल्या, परीक्षा, दुखणी ही घरोघर असतात. आणि सुटलेला छंद अगदीच वाया जातो असेही नाही. २०२३ च्या ऑगस्टात बर्लिन येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाल्या. कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघेही एकाच दिवशी जगज्जेते ठरले. दोघांचाही सराव साताऱ्याचा. ओजसचे अंतिम सामन्यातील पंधराच्या पंधरा बाण दहात गेले, १५० पैकी १५०. ते धनुष्य चाकांचे, अंतर ५० मीटर. आमच्या बांबूशी त्याचे नाते दूरचेच. पण दूरचित्रवाणीवर अदितीची पाठ दिसली आणि खवाटे जवळ आलेले दिसले, तेव्हा आमच्या घरातील सगळ्यांनी नकळत आपापली पाठ ताठ केली. आपल्या मुलुखाची पोर म्हणून डोळे भरून आले हे खरेच. पण तिने काय केले हे आम्हांला समजले ते येथील मैदानावर, एका मुंडा शिक्षकाकडून. ते ऋण राहीलच.

अपराध असेल तर तो दोरी न उतरविण्याचा. आरंभाला आपण नारळ फोडतो, पेढे वाटतो, फलक लावतो. शेवटाला काहीच करीत नाही. आपल्या मंडळाच्या ह्या पन्नास वर्षांकडे पाहिले तर काय दिसते? गणेशोत्सव अखंड चालला, नाटके झाली, ह्याचा आनंद आपण ह्या अंकात मानणारच आहोत. पण रविवारचा बालवर्ग केव्हा बंद झाला? हस्तलिखित मासिक कोणत्या अंकानंतर थांबले? त्यांची आरंभाची छायाचित्रे दफ्तरात आहेत, शेवटाची एक ओळही नाही. जे सभासद येईनासे झाले त्यांनी सांगितले नाही, आणि आपणही विचारले नाही. त्यांच्या खुर्च्या आपण किती दिवस मांडल्या, आणि तोवर कोणती नवी मंडळी दाराशी उभी होती, हे कोणी पाहिले?

हे बोलण्याचा अधिकार आम्हांला फारसा नाही, आणि त्याचा पुरावा आमच्या खिशात आहे. मंडळाच्या वाचनालयाची जबाबदारी आम्हां चार बिऱ्हाडांकडे होती. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि पुस्तकांचे कपाट बंद झाले. टाळेबंदी उठली, कपाट मात्र उघडले नाही. सरांच्या अंगणातून परतून दोन महिनेही झाले नव्हते, आणि आम्ही पुन्हा तेच केले. कोणी विचारले की म्हणत आलो, गणपतीनंतर उघडू, दिवाळीनंतर उघडू. मध्यंतरी दोन तरुण जोडपी मंडळात नव्याने आली. त्यांनी मुलांसाठी मराठी पुस्तके आहेत का, असे विचारल्याचे आमच्या कानांवर आले होते. तरी आम्ही गप्प राहिलो.

तेव्हा आज, अध्यक्ष महोदय, आपल्या परवानगीने ही किल्ली आम्ही परत करीत आहोत. वाचनालय चालविणे आता आमच्याकडून होणार नाही. हे आम्ही चौघे मिळून, ठरवून आणि तारखेनिशी सांगतो. कपाटातील पुस्तकांची यादी गेल्या आठवड्यात केली. तीनशे बारा पुस्तके आहेत, त्यांतील चाळीसेक वाळवीने खाल्लेली आहेत आणि त्याचा दोष आमचा आहे. उरलेली ज्यांना हवी आहेत ती मंडळी ह्याच सभागृहात मागच्या रांगेत बसलेली आहेत. किल्ली चिटणीसांमार्फत त्यांच्या हाती जावी, एवढी विनंती करतो.

 तिळगूळ घ्या, गोड बोला.